अनोळखी ग्रेडिंग कंपनीचा स्लॅब: भरवसा किती आणि कशाच्या जोरावर

प्रश्न असा आला आहे: एक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, विकत मिळतो आहे. सीलबंद स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या डबीत आहे, लेबलवर एमएस-66 (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं; 66 हा दर्जाचा आकडा) छापलंय, पण ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीचं नाव विचारणाऱ्याने यापूर्वी ऐकलेलं नाही. होलोग्राम आहे, क्रमांक टाकला की कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदही सापडते. अशा कंपनीवर विसंबावं का, आणि ते ठरवायचं कसं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्रेडिंग कंपनीची पारख दोन गोष्टींवरून करावी: ती नाणी नाकारते का, आणि तिचं चुकलं तर भरपाई कोण करतं. होलोग्राम, बारकोड, जाड प्लास्टिक हे सगळं कुणालाही बनवून घेता येतं. पण फी भरलेल्या ग्राहकाला "तुमचं नाणं घासून साफ केलेलं आहे, आम्ही त्याला आकडा देणार नाही" असं सांगायला जाणकारी लागते आणि धंद्यातलं नुकसान सोसायची तयारीही लागते. कमी नावाजलेल्या कंपन्यांपैकी ज्या चांगल्या आहेत त्यांच्यात हे दोन्ही असतं.

आधी एक गोष्ट सुटी करून घेऊ. एका लेबलवर खरं तर तीन दावे असतात. नाणं अस्सल आहे, त्याच्याशी कुणी छेडछाड केलेली नाही, आणि त्याची अवस्था अमुक दर्जाची आहे. पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. तिसरं मात्र शेवटपर्यंत मतच राहतं, कितीही अनुभवी माणसाने दिलं तरी. माझ्या पाहण्यात छोट्या कंपन्या अस्सलपणाच्या बाबतीत बऱ्याचदा बरोबर असतात, साफसफाई आणि दुरुस्ती पकडण्यात ढिल्या असतात आणि आकडा देताना सढळ हाताच्या असतात. म्हणून "ही कंपनी चांगली की वाईट" असा एकच प्रश्न विचारू नका. तिन्ही दावे वेगवेगळे तपासा. एखाद्या कंपनीचा स्लॅब फक्त अस्सलपणाचा दाखला म्हणून घेता येतो, आकडा आपला आपण ठरवायचा.

आकड्याचंही थोडं सांगतो. 1 ते 70 ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली, तीही त्या काळच्या किमतींशी जोडून. पुढे ती सगळ्या नाण्यांना लावली गेली. ही पट्टी कुणाच्या मालकीची नाही. त्यामुळे कालच उघडलेली कंपनीही 66 छापू शकते आणि आज कुणीही तिला अडवत नाही. दोन कंपन्यांचे 66 एकच असतील हे गृहीत धरायला काहीच आधार नाही. मोठ्या कंपन्यांनाही हे लागू होतं. 1990 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएस या मोठ्या ग्रेडिंग कंपनीच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला होता, कारण त्यांत ग्रेडिंग अगदी वस्तुनिष्ठ आणि एकसारखं असल्याचा दावा होता. ते प्रकरण समझोत्याने मिटलं. तेव्हा एखादी नवी कंपनी "शंभर टक्के अचूक, संगणकीय, निःपक्ष ग्रेडिंग" म्हणत असेल तर मी तिच्याकडे जास्त संशयाने बघतो.

आता नाकारण्याबद्दल, कारण तपासायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे. लिलावांच्या जुन्या नोंदी आणि विक्रीची संकेतस्थळं उघडा आणि त्या कंपनीचे जितके स्लॅब दिसतील तितके बघा. तीस-चाळीस पुरेत. किती लेबलांवर "डिटेल्स" (दोषामुळे आकडा नाकारलेला), "क्लीन्ड" (साफ केलेलं), "टूल्ड" (अवजाराने कोरलेलं), "आल्टर्ड सरफेस" (पृष्ठभाग बदललेला) असे शेरे आहेत ते पाहा. जुनी चांदीची नाणी कुठल्याही संग्रहातून उचललीत तरी त्यांत साफ केलेली, दागिन्यातून काढलेली, कडेला कानस मारलेली नाणी निघणारच. पिढ्यान् पिढ्या लोकांनी नाणी चकचकीत दिसावीत म्हणून घासली आहेत. अशा वेळी एखाद्या कंपनीच्या चाळीस स्लॅबमध्ये एकावरही शेरा नसेल, तर एक तर ती फक्त स्वतःच्या मालकाची निवडक नाणी बंद करते, नाहीतर दोष बघून गप्प बसते. दोन्ही गोष्टी खरेदीदाराच्या हिताच्या नाहीत.

आकडे कसे पसरले आहेत तेही त्याच बैठकीत कळतं. मॉर्गन डॉलरच बघा. ही नाणी 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडली गेली आणि हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत भरून तिजोऱ्यांत ठेवली गेली. प्रत्येक नाणं 26.73 ग्रॅमचं. ती पिशवी हलवली, आपटली, एकीवर दुसरी रचली की आतली नाणी एकमेकांवर घासत आणि आपटत. म्हणून कधीच वापरात न आलेल्या मॉर्गनवरही दर्शनी बाजूच्या स्त्रीमुखाच्या, म्हणजे लिबर्टीच्या गालावर बारीक खोका पडलेल्या असतात, त्यालाच बॅग मार्क म्हणतात. न वापरलेल्या मॉर्गन डॉलरची मोठी संख्या एमएस-60 ते 64 मध्ये मोडते. 65 चांगलं, 66 उठून दिसणारं, 67 बहुतेक सालांसाठी दुर्मीळ. आता कुठल्या कंपनीच्या यादीत सगळीच नाणी 66, 67, 68 असतील, तर इतकी उत्तम नाणी त्यांच्याकडेच कशी गोळा झाली याचं उत्तर द्यावं लागेल. मला अजून तसं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

स्लॅब हातात असेल तर एवढं जरूर करा. खोलीतले दिवे घालवा, एकच दिवा टेबलावर ठेवा, ट्यूबलाइट नको. स्लॅब दिव्याखाली धरून हळूहळू तिरपा करत फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चकाकीचा एक पट्टा मध्यापासून कडेपर्यंत उजळतो आणि नाणं फिरेल तसा तोही फिरतो. साचा दाबला जाताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, तेव्हा पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म रेषा उमटतात, त्यांतून ही चकाकी येते. नाणं ब्रशने किंवा पावडरने घासलं असेल तर हा पट्टा तुटक दिसतो आणि एका विशिष्ट कोनात केसासारख्या समांतर रेषांचा झुबका चमकून जातो. क्षणभरच दिसतो, म्हणून हात सावकाश फिरवायचा. मग लिबर्टीच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती बघा. तिथला उंचवटा बाकीच्या भागापेक्षा करडा आणि निस्तेज दिसत असेल तर झीज झाली असण्याची शक्यता मोठी. झीज नक्की असेल तर ते नाणं एमएस नाहीच, फार तर एयू-58, म्हणजे किंचित वापरलेलं. कधी कधी ठसा कमजोर बसल्यामुळेही तिथे बारकावे नसतात, पण तेव्हा चकाकी शाबूत राहते. हा फरक एकदा डोळ्यात बसला की लेबल न वाचता ग्रेड सांगता येऊ लागतो.

शेवटी गाल. मॉर्गनवर लिबर्टीचा गाल मोठा, गुळगुळीत आणि सगळ्यांची नजर आधी जिथे जाते तिथेच आहे. गालाच्या मधोमध एक ठळक खोक असेल आणि लेबलवर 66 असेल, तर कंपनी बघत नाही किंवा बघून सोडून देते. केसांच्या कोरीव भागात तसाच घाव असता तर इतका आडवा आला नसता, कारण तिथे तो झाकला जातो. घाव किती आहेत याइतकंच ते कुठे आहेत यालाही वजन असतं. हा तारतम्याचा भाग कंपनीला जमतो की नाही हे चार-पाच स्लॅब जवळून बघितले की कळतं. छायाचित्रावरून मात्र हेअरलाइन, म्हणजे घासल्याच्या त्या केसासारख्या रेषा, जवळजवळ कधीच दिसत नाहीत. विक्रेता थेट प्रकाशाखालचा हलता व्हिडिओ द्यायला तयार नसेल तर मी तिथेच थांबतो.

कंपनीच्या ज्ञानाची परीक्षा घ्यायला मला दोन नाणी फार उपयोगी वाटतात.

एक म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा थालर, चांदीचं मोठं नाणं. ही राणी 1780 मध्ये वारली, पण तिच्या नावाचा थालर व्यापारात इतका रुळलेला होता की पुढेही तो 1780 हेच साल घालून पाडला जात राहिला. व्हिएन्नात तर झालाच, शिवाय रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, बर्मिंगहॅम आणि मुंबईच्या टांकसाळीतही. वजन 28 ग्रॅमच्या किंचित वर, चांदी हजारात 833. खोटी म्हणावी अशी ही नाणी नाहीत, पण अठराव्या शतकातलीही नाहीत. छातीवरच्या ब्रोचमधले मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं, अक्षरांची वळणं यांवरून टांकसाळ आणि साधारण काळ ओळखावा लागतो. चांगली कंपनी लेबलवर "रिस्ट्राइक" (नंतर पाडलेलं) लिहिते आणि जमलं तर टांकसाळही सांगते. लेबलवर नुसतं "ऑस्ट्रिया, 1780, थालर, एमएस-65" असेल तर ते नाणं तिथल्या माणसाने ओळखलेलंच नाही. सालही चुकीचं ठरलेलं असताना 65 या आकड्याला काय किंमत द्यायची?

दुसरं 1893 चं सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं मॉर्गन डॉलर. हे फक्त 1,00,000 पाडलं गेलं. त्याच साली फिलाडेल्फियाचं नाणं त्याहून कितीतरी जास्त निघालं, म्हणून फिलाडेल्फियाच्या नाण्यावर मागच्या बाजूला छोटा "एस" चिकटवून फसवण्याचा धंदा जुना आहे. इथे वजन, व्यास, चांदी, सगळं बरोबरच येणार, कारण नाणं खरंच आहे, खोटं आहे ते फक्त ते अक्षर. खऱ्या नाण्याची एक प्रसिद्ध खूण आहे: दर्शनी बाजूला "लिबर्टी" शब्दातल्या "टी" अक्षराच्या वरच्या भागात साच्यावरच्या ओरखड्यामुळे उमटलेली बारीक, उंच, तिरपी रेषा. दहापट भिंगातून ती शोधता येते. अनोळखी कंपनीच्या स्लॅबमध्ये हे नाणं दिसलं आणि ती रेषा सापडली नाही, की एका नाण्यावरून त्या कंपनीबद्दलचं मत पक्कं करायला हरकत नाही.

याच कारणाने लेबलवर छापलेल्या वजनाने किंवा एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) चाचणीच्या शिक्क्याने हुरळून जाऊ नका. वजन दिलेलं चांगलंच, स्लॅबमध्ये गेल्यावर आपल्याला ते घेता येत नाही. पण एक्सआरएफ पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतो, जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याच्या तर अशा नकला झाल्या आहेत की त्यांत सोनं पुरेपूर, वजनही बरोबर, फक्त साचा टांकसाळीचा नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर लेबनॉनमध्ये अशा नकला निघाल्याचं नाणेशास्त्रात सर्वश्रुत आहे. त्या पकडायला यंत्र पुरत नाही, खऱ्या साच्याची ओळख असलेली नजर लागते.

हमीकडे येऊ. संकेतस्थळावर "गॅरंटी" हा शब्द असून भागत नाही, तो मजकूर शेवटपर्यंत वाचायचा. खोटं निघालं तर पैसे परत कुणाला मिळणार, फक्त मूळ ग्राहकाला की स्लॅब ज्याच्या हातात आहे त्याला? भरपाई बाजारभावाची की नुसत्या फीची? फी परत देण्याची हमी म्हणजे कंपनीने स्वतःचं काहीच पणाला लावलेलं नाही. लेबलवरच्या उघड टंकनचुकांना आणि तांब्याच्या रंगबदलाला हमी लागू नसते, हे मोठ्या कंपन्यांतही चालतं आणि ते समजण्यासारखं आहे. प्राचीन नाण्यांचं तर वेगळंच. एनजीसी या दुसऱ्या मोठ्या कंपनीचा प्राचीन नाण्यांचा विभाग खोटं वाटणारं नाणं बंद करत नसे, पण बरीच वर्षं अस्सलपणाची हमीही देत नव्हता, आणि हे ते उघडपणे सांगत. मला ती भूमिका प्रामाणिक वाटते. आपल्या हमीची सीमा स्पष्ट लिहिणारी छोटी कंपनी मी "आजीवन संपूर्ण संरक्षण" लिहिणाऱ्या कंपनीपेक्षा वर ठेवतो. संपूर्ण संरक्षण द्यायला गंगाजळी लागते, ती कुठे आहे हे विचारलं की बहुतेकांकडे उत्तर नसतं.

मालक कोण, हे शोधा. या क्षेत्रातला सगळ्यात मोठा रोग म्हणजे विक्रेत्याने स्वतःच उघडलेली ग्रेडिंग कंपनी. ओळखायची खूण सोपी आहे: त्या कंपनीचे जवळजवळ सगळे स्लॅब एकाच विक्रेत्याकडे, किंवा एकाच पत्त्यावरच्या दोन-तीन नावांनी विकायला असतात. दुसऱ्या कुठल्या व्यापाऱ्याच्या यादीत ते दिसतच नाहीत. क्रमांक टाकल्यावर नोंद सापडते म्हणता, पण ती नोंदही त्यांनीच भरलेली. तिच्यात नाण्याचं दोन्ही बाजूंचं स्वच्छ छायाचित्र असेल तरच तिचा उपयोग, कारण मग निदान आतलं नाणं तेच आहे का हे जुळवता येतं.

नावावर जाऊ नका, त्या काळातल्या माणसांवर जा. एएनएसीएसचं उदाहरण घ्या. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने 1972 मध्ये ही सेवा फक्त अस्सलपणा तपासण्यासाठी सुरू केली, 1979 पासून ग्रेडही देऊ लागली. 1990 मध्ये संघटनेने ती विकून टाकली. नाव तेच राहिलं, मालक बदलले. छोट्या कंपन्यांत तर हे सर्रास होतं. दोन चांगले ग्रेडर असेपर्यंत काम चोख, ते सोडून गेले की वर्षभरात आकडे वर चढतात. त्यामुळे अनुभवी संग्राहक "अमुक कंपनी" असं न म्हणता "अमुक कंपनीचा जुना पांढरा छोटा स्लॅब" असं म्हणतात. लेबलची पिढी ओळखायला शिका. ग्रेडर कोण आहेत, त्यांनी कुठल्या नाण्यांवर लिहिलं-बोललं आहे, हे कंपनी सांगत नसेल तर तोही एक उत्तराचाच प्रकार समजा.

बाजार काय म्हणतो ते आकड्यांत वाचता येतं. एकाच सालाचं, एकाच टांकसाळीचं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमध्ये कुठल्या ग्रेडला किती गेलं आणि या कंपनीच्या 66 ला किती मिळालं, हे पुऱ्या झालेल्या विक्रीच्या नोंदींतून काढा. मागितलेल्या किमती बघू नका. समजा या कंपनीचे 66 सातत्याने दुसरीकडच्या 63 च्या भावात जात असतील, तर बाजाराने तुमच्यासाठी हिशेब करून ठेवला आहे: तीन गुण वजा. असं स्थिर अंतर असलेली कंपनी वापरण्याजोगी असते. कधी 66 ला 65 चा भाव आणि कधी साफ केलेल्या नाण्याचा भाव, असा गोंधळ असेल तर त्या लेबलकडे दुर्लक्ष करून नाणंच विकत घ्या.

ज्यांना पक्कं जाणून घ्यायचं आहे त्यांनी साध्या, स्वस्त नाण्यांवर स्वतः चाचणी करावी. ग्रेड ठाऊक असलेली काही नाणी, एक नक्की साफ केलेलं आणि शक्य असेल तर एक ठाऊक असलेली नक्कल, अशी काही न सांगता पाठवा. पुढे काही महिन्यांनी त्यांतलीच दोन-तीन स्लॅबमधून काढून पुन्हा पाठवा. साफ केलेलं पकडलं का, नक्कल परत आली का, दुसऱ्या वेळेला आकडा किती हलला? एका गुणाचा फरक कुठेही होतो. तीन गुणांचा झाला तर त्यांच्याकडे मोजपट्टीच नाही. हे करायला वेळ आणि फी जाते, पण एका कंपनीचे बरेच स्लॅब घ्यायचा विचार असेल तर इतकी खात्री दुसऱ्या कशानेच होत नाही.

छोटी म्हणजे वाईट असं मात्र अजिबात नाही. एखाद्याच देशाची किंवा एखाद्याच काळाची नाणी बघणारे अभ्यासू लोक चालवत असलेली सेवा तिच्या क्षेत्रात मोठ्या कंपनीपेक्षा जास्त जाणते, विशेषतः साच्यांचे प्रकार ओळखण्यात. तिच्या आकड्याला पुनर्विक्रीत कमी भाव येईल, पण नाण्याची ओळख तिच्याकडून करून घ्यावी. उलट मोठ्या नावाने डोळे मिटू नका. नावाजलेल्या कंपन्यांचे स्लॅबच नकली निघू लागल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यामुळे तिथेही क्रमांक आणि छायाचित्र नाण्याशी ताडून बघावंच लागतं.

विचारणाऱ्याच्या मॉर्गनबद्दल: साल आणि टांकसाळ नेहमीची असेल, तर लेबल झाकून बघा, गाल आणि चकाकी वर सांगितल्याप्रमाणे तपासा आणि तुमच्या नजरेला जो ग्रेड पटेल त्याच्या एक गुण खालचा भाव द्या. विक्रेता 66 च्या भावावर अडून बसला तर त्याला एकच विचारा: खरेदीनंतर हे नाणं मोठ्या कंपनीकडे पाठवलं आणि 64 किंवा "क्लीन्ड" म्हणून परत आलं तर पैसे परत देणार का, आणि ते लिहून देणार का. साल दुर्मीळ असेल, 1893 एस किंवा 1889 सीसी (कार्सन सिटी टांकसाळ) सारखं, तर अनोळखी स्लॅबमध्ये ते घेऊच नका. व्यवहार आधी तपासणी मग पैसे असा ठरला तरच पुढे जा.

आणि घेतलंच, तर लगेच स्लॅब फोडू नका. फोडला की कंपनीची जी काही हमी असेल ती संपते, विक्रेत्याकडे परत जायचा रस्ताही बंद होतो. मोठ्या कंपन्या दुसऱ्यांच्या स्लॅबमधलं नाणं आहे तसंच स्वीकारतात का, आणि किमान अमुक ग्रेड मिळाला तरच बाहेर काढा अशी अट घालता येते का, हे पाठवण्याआधी त्यांच्या फॉर्ममध्ये बघून घ्या. पाठवण्यापूर्वी स्लॅबचे दोन्ही बाजूंचे आणि क्रमांकाचे फोटो काढा. जुनं लेबल परत मिळालं तर पाकिटात घालून नाण्याबरोबरच ठेवा.